शेड नंबर चोवीस

नळीच्या बुडाशी आता
आगकाडीनं खरवडण्याइतकीच उरलीय.
आठशे नव्याण्णवची.
नागपूरला, सीताबर्डीच्या काचेच्या दुकानात
त्या मुलीनं हनुवटीला दोन बोटं लावून
माझं तोंड उजेडाकडे वळवलं होतं.
म्हणाली, हाच तुमचा.
तेव्हा पर्समध्ये दिवाळीचा बोनस होता
आणि परतीच्या गाडीला दीड तास.

आता सेतू केंद्राचे सहा हजार,
तेही महिना उलटून बारा दिवसांनी.

रंग कसा, सांगता येत नाही.
तपकिरी म्हटलं तर त्यातला लाल रुसतो.
पाणी मारलेल्या कवेलूचा, मी म्हणते.
विमल म्हणते, शिळ्या भरल्या वांग्याचा.

बुधवारच्या बाजारात रज्जाकभाईच्या गाडीवर
पिना, रबरं, टिकल्यांच्या पत्त्यांमागे
एका खोक्यात सगळ्या तीस रुपयांच्या.
त्यांना नंबर नाहीत, नावं आहेत:
गाजरी, डार्क गाजरी, मेहरून, चॉकलेटी,
आणि एक, जिला रज्जाकभाई नुसतंच ‘नवीन’ म्हणतो.
“लगाके देखो ताई, देखने का पैसा नहीं.”
मनगटापासून कोपरापर्यंत
सात पट्टे ओढले.
एकही कवेलू नाही.

“हातले काय झालं वं तुह्या?” कुसुमआत्या म्हणाली,
“माप घेतलं का कोनं?”

साबणानं नाही गेले. तसेच घेऊन
दुसऱ्या दिवशी मशीनपुढे बसले.
पर्वताबाई उईके, निराधारचे पैसे,
अंगठा लागत नाही.
पुसला, फुंकला, ओल्या कापडानं चोळला.
रेषा कुठं गेल्या आजी?
“कापसानं नेल्या.”
मग माझाच हात धरून
चष्मा नसलेल्या डोळ्यांजवळ नेला.
“ह्या कायच्या रेषा?”
ओठाच्या, मी म्हटलं, आणि का कोण जाणे,
सगळं सांगून टाकलं. नळी, आगकाडी, कवेलू.
मागे रांगेत चौदा माणसं.

तिनं चौथ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.
“हा जवळचा हाय. पन लय तांबडा हाय.
गेरू असा भडकला तं आमी
चिमूटभर काजळी टाकतो अन् भित सारवतो.”
सातव्यांदा अंगठा लागला.

रात्री मेणबत्तीवर चमचा.
डार्क गाजरी अर्धी, मेहरून नखाएवढी,
खोबरेलाचा थेंब, दिव्याची काजळी.
पहिल्यांदा बुटाचं पॉलिश झालं.
दुसऱ्यांदा काजळी कमी केली
आणि बामच्या रिकाम्या डबीत ओतलं.
साठ रुपये, एक जळका चमचा,
त्याबद्दलची बोलणी वेगळी.

आरशात पाहिलं.
तोच आहे का? नाही.
पण व्होल्टेज कमी, बल्ब पिवळा,
आणि तिथं दुकानात सगळं पांढरंशुभ्र.
तिथल्या उजेडात मी फक्त वीस मिनिटं होते,
इथल्या उजेडात एकोणतीस वर्षं.
मग मीच ठरवलं, हा चालतो.

पुढच्या महिन्यात पर्वताबाईनं विचारलं,
“जमलं का?”
डबी पुढे केली. तिनं ओठाला नाही लावलं,
अंगठा बुडवला
आणि रद्द झालेल्या फॉर्मच्या मागं दाबला.
पाहत राहिलो दोघी.
कडेला, अगदी कडेला,
दोन-तीन रेषा होत्या.
“हायेत न् बाप्पा,” ती म्हणाली
आणि अंगठा पदराला पुसला.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
शेजारी ती रिकामी नळी.
टाकवत नाही. टोपण लावलं की
अजून टक् करून बसते.
रज्जाकभाईला विचारून झालं,
तसा आवाज
तीस रुपयांत येत नाही.